मुंबई-पुण्याचे हॉकी आणि फुटबॉल संघ : पाठिंबा नेमका कोणाला द्यायचा?

बालेवाडीचा प्रेक्षक (मूळ लेखन)

२०१४-१५ च्या हंगामात पुण्यात तीन व्यावसायिक फुटबॉल संघ होते. पिरामल समूहाचा पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी हे दोन संघ तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, खेळत होते, तर एफसी पुणे सिटी त्याच वर्षी सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये उतरला होता. २०१५ संपेपर्यंत त्यांतले दोन संघ बंद पडले. २०१९ मध्ये तिसराही गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत तीनचे शून्य झाले. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर आला, तेव्हा मी बालेवाडीत टाळ्या वाजवत होतो. आज त्या टाळ्या कोणासाठी वाजवल्या, असे कोणी विचारले तर दाखवायला काही उरलेले नाही.

हॉकीची गोष्ट याहून वेगळी नाही. २०१२ मध्ये झालेल्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबई मरीन्स हा दुसरा महाराष्ट्रीय संघही त्या स्पर्धेत होता. ती स्पर्धा पुन्हा कधी झालीच नाही. पुढच्याच वर्षी हॉकी इंडिया लीग सुरू झाली. तिच्यात मुंबई मॅजिशियन्स आला आणि दोन हंगामांनी त्याच्या जागी दबंग मुंबई आला. २०१७ नंतर ती लीगही थांबली. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत दिल्ली, हैदराबाद, तमिळनाडू, बंगाल, ओडिशा असे सगळे होते, फक्त महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

आपल्यात नेहमी वाद होतो तो फुटबॉलवाल्यांचे बरे की हॉकीवाल्यांचे, किंवा इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी हा खरोखर मुंबईचा संघ आहे की नाही, यावर. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शहराचे नाव लावणाऱ्या कोणत्या संघाला आपण आपला म्हणावे? माझा निकष सांगतो, तो कोणाला कडक वाटला तरी चालेल. ज्या संघाची कुमार फळी शहरात वाढत नाही आणि ज्याचे स्वतःचे सरावाचे मैदान शहरात नाही, तो शहराचा संघ नव्हे. त्याने शहराचे नाव फक्त भाड्याने घेतलेले असते.

अंधेरीचा गॅलरीवाला

आपले दुःख मला कळते, पण निकष मान्य नाही. शहराशी नाते जुळायला वेळ लागतो आणि तो वेळ मुंबई सिटीने दिलेला आहे. २०१४ साली नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेला पहिला मुंबई-पुणे सामना आठवा. मुंबईने तो ५-० असा जिंकला आणि आंद्रे मोरित्झने लीगच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक केली. तेव्हा आम्ही आनेल्का आणि ल्युंगबर्ग यांची नावे वाचून गेलो होतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण दहा वर्षांनी, ४ मे २०२४ रोजी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक इथल्या भरलेल्या स्टेडियममध्ये मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक उचलला गेला, तेव्हा आमच्यातले कोणीही परदेशी नावांसाठी जागे राहिलेले नव्हते. आम्ही मणिपूरच्या बिपिन सिंगसाठी जागे होतो. २०२१ च्या अंतिम सामन्यात याच बिपिनने ९० व्या मिनिटाला गोल करून याच कोलकात्याच्या संघाला हरवले होते. तो हंगाम करोनामुळे गोव्यात प्रेक्षकांविना खेळला गेला आणि आमचे पहिले विजेतेपद आम्हांला घरात बसून पाहावे लागले.

दोन वेळा शील्ड (साखळीत पहिल्या क्रमांकासाठी) आणि दोन वेळा चषक (अंतिम सामना जिंकून) मिळवलेला संघ भाड्याच्या नावाचा कसा? शिवाय ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तोही मुंबईचाच.

अंधेरीच्या क्रीडा संकुलाचे मैदान लहान आहे, जेमतेम सात हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतात. पण पहिल्या रांगेत बसल्यावर गोलरक्षक बचावफळीला काय ओरडून सांगतो आहे, ते शब्दन् शब्द ऐकू येते. कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूच्या बुटाला चिकटलेले गवत दिसते. बालेवाडीत प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आडवा येतो, त्यामुळे तिथला खेळ नेहमी थोडा परका वाटतो. पुण्याचे संघ टिकले नाहीत, त्यात या अंतराचाही वाटा असावा, असे माझे मत आहे.

बालेवाडीचा प्रेक्षक

ट्रॅकचा मुद्दा योग्य आहे. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले, ते फुटबॉलसाठी कधीच नव्हते. पण आपण अंधेरीचे कौतुक करता, तेव्हा एक गोष्ट राहून जाते. २०२३ मध्ये मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगला पुन्हा पात्र ठरला, तेव्हा घरचे सामने अंधेरीत होऊ शकले नाहीत. इराणच्या नस्साजी माझंदरानविरुद्धचा सामना आमच्या बालेवाडीत झाला आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल आला तेव्हा सगळ्यांना डी. वाय. पाटीलला जावे लागले. देशातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एक आणि त्याला आशियाई दर्जाचे घर आपल्याच उपनगरात नाही, ही स्थिती आहे. विजेतेपदे मी नाकारत नाही. मालक बदलल्यावर मागे काय उरते, एवढेच मी विचारतो आहे. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा आता चिंता मिटली असे सगळ्यांनी मानले होते. २०२५ मध्ये लीगचे भवितव्यच टांगणीला लागले आणि वर्षअखेर तो समूह बाहेर पडला.

चर्चगेट हॉकी

फुटबॉलवाल्यांच्या या चर्चेत मला हॉकीची बाजू जरा सविस्तर मांडू द्या, कारण ती नेहमी दोन ओळींत आटोपली जाते.

मुंबईत हॉकी खेळवणारे कार्यालयांचे संघ होते. रेल्वे, एअर इंडिया, तेल कंपन्या आणि टाटांचा संघ यांनी खेळाडूला नोकरी दिली, आणि त्या नोकरीच्या जोरावर तो पंधरा वर्षे खेळला. वानखेडेच्या शेजारी असलेल्या हॉकीच्या स्टेडियमवर संध्याकाळी ड्यूटी संपवून आलेले खेळाडू सामना खेळत आणि नंतर तीच लोकल पकडून घरी जात. त्यात झगमगाट नव्हता, पण खेळाडू आपल्या ओळखीचा असे. लिलावातून संघ बांधणाऱ्या लीग आल्या, तेव्हा ही जुनी व्यवस्था आधीच क्षीण झालेली होती आणि नव्या व्यवस्थेने तिच्याशी काहीच धागा जोडला नाही. मॅजिशियन्स संघात जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एक असलेले रिक चार्ल्सवर्थ होते, तरीही पहिल्या दोन्ही हंगामांत संघ तळाला राहिला. पहिल्या वर्षी तर आंदोलनामुळे लीगमधल्या सर्व ९ पाकिस्तानी खेळाडूंना न खेळता परत जावे लागले. त्यांतले चार एकट्या मुंबईचे होते. हंगाम सुरू होतानाच संघाचा कणा मोडला.

दबंग मुंबईने मात्र खरी आशा दाखवली होती. २०१७ चा अंतिम सामना चंडीगडला झाला आणि कलिंगा लान्सर्सने तो ४-१ असा जिंकला. त्या वेळी लीगमध्ये मैदानी (म्हणजे चालत्या खेळात झालेल्या) गोलला दोन गोल मोजत असत, त्यामुळे तो आकडा नेहमीच्या हॉकीसारखा वाचू नये. सामना त्याहून पुष्कळ चुरशीचा होता. तो संघ आणखी तीन वर्षे एकत्र राहिला असता, तर मुंबईत पुन्हा हॉकीचा प्रेक्षक तयार झाला असता, असे मी आजही ठामपणे म्हणतो. पण लीगच थांबली आणि त्यानंतर सात वर्षे काहीच नव्हते.

ज्यांनी हॉकी फक्त टीव्हीवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी एक सांगतो. सामन्याआधी टर्फवर पाण्याचे फवारे सोडतात, आणि दिव्यांच्या प्रकाशात सगळे मैदान काही मिनिटे आरशासारखे चमकते. पेनल्टी कॉर्नरला चेंडू आत येतो, अडवला जातो, ड्रॅगफ्लिक (स्टिकने ओढून मारलेला जोरदार फटका) सुटते, आणि डोळ्यांना चेंडू दिसण्याआधी कानांना गोलच्या मागच्या लाकडी फळीचा आवाज येतो. तो आवाज मैदानावरच ऐकावा लागतो, कॅमेऱ्याला तो पकडता येत नाही. माझ्या शहरात तो आवाज करणारा व्यावसायिक संघ आज नाही.

रंकाळा

मुंबई-पुणेकरांनी कोल्हापूरचा उल्लेखच केलेला नाही, म्हणून लिहितो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांपैकी एकाही संघाला आजवर कोणी विकत घेतलेले नाही आणि कोणी गुंडाळलेलेही नाही. कुस्तीच्या तालमींतून फुटबॉलचे संघ उभे राहिले, पेठेने ते पोसले आणि शाहू स्टेडियमवर आजही सामन्याला जागा मिळवायला लवकर जावे लागते. धागाकर्त्यांच्या निकषावर महाराष्ट्रात शहराचे म्हणावेत असे संघ हेच आहेत. पेठेतला पोरगा तालमीच्या लहान संघातून मोठ्या संघात जातो, त्याला लिलावाची गरज लागत नाही.

खडकीकर

रंकाळा यांच्या अभिमानाचा आदर ठेवून मला विरोध नोंदवायचा आहे. तालमीचे संघ टिकले हे खरे, पण त्या संघांतल्या खेळाडूचे पोट फुटबॉलवर चालते का? अनिकेत जाधव हे कोल्हापूरचेच. १७ वर्षांखालील विश्वचषक खेळले आणि पुढे २०२१-२२ मध्ये हैदराबादकडून इंडियन सुपर लीगचे विजेते झाले. म्हणजे कोल्हापूरचा मुलगा विजेता झाला तो हैदराबादच्या संघात, आणि हैदराबादची ती जागा मुळात पुण्याची होती! आपण या एका गोष्टीवर थांबून विचार केला पाहिजे. राज्यात खेळाडू घडतो, राज्यात प्रेक्षक आहे, पण मधला दुवा, म्हणजे पगार देणारा संघ, राज्याबाहेर आहे.

मी खडकीत वाढलो. धनराज पिल्ले आमच्या याच दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींतून चार ऑलिंपिकपर्यंत गेले. आमच्या वेळी प्रत्येक गल्लीत हॉकी स्टिक असे, कधी तुटलेली, कधी सुतळीने बांधलेली. त्या मुलांना घरचे लोक एकच गोष्ट विचारत, की खेळून नोकरी लागेल का. रेल्वेत लागेल, असे उत्तर देता येत होते तोवर मुले खेळली. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी जाहीरपणे झाल्या आणि त्याचा फटका एका स्पर्धेपुरता राहिला नाही. व्यावसायिक हॉकी म्हणजे बिनभरवशाची, हे त्या वर्षी आमच्या भागातल्या पालकांनी मनात पक्के केले.

म्हणून माझा निकष वेगळा आहे. संघ कुमार फळी कुठे घडवतो, हे दुसरे. आधी तो खेळाडूला वेळेवर पगार देतो का आणि तीन वर्षांचा करार तीन वर्षे पाळतो का, हे पाहावे.

अंधेरीचा गॅलरीवाला

खडकीकर यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. त्यात मुंबई एफसीची आठवण जोडतो, कारण ती नव्या प्रेक्षकांना फारशी ठाऊक नसते. कूपरेजवर खेळणाऱ्या त्या संघाला खालिद जमील यांनी २००९ पासून सात वर्षे अगदी कमी साधनांत आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. २०१६ मध्ये त्यांना जावे लागले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला आणि संपला, आणि त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आज ते भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. ज्याला आपण संघाचा पाया म्हणतो, तो कधी कधी एका माणसाच्या चिकाटीत असतो, आणि व्यवस्थापनाला त्याची किंमत कळली नाही की मैदान, पगार, कुमार फळी सगळे असूनही उपयोग होत नाही.

महिंद्रा युनायटेडचेही तसेच. २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा त्याला कोणी अयशस्वी म्हणू शकत नव्हते. तो बंद झाला, कारण तो कंपनीचा विभाग होता आणि विभाग बंद करायला कंपनीला प्रेक्षकांची परवानगी लागत नाही.

चर्चगेट हॉकी

हे शेवटचे वाक्य अगदी बरोबर आहे. नेदरलँड्समधले हॉकी क्लब सभासदांचे असतात. पहिल्या संघाचा सामना सुरू असतो, तेव्हा शेजारच्या टर्फवर दहा वर्षांची मुले त्याच रंगाचे कपडे घालून खेळत असतात, आणि क्लबचा अध्यक्ष सभासद निवडून देतात. जर्मन फुटबॉलमध्ये क्लबच्या सभासदांकडे मतांचे बहुमत राहिलेच पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे जिमखाने सभासदांच्या वर्गणीवर शंभर वर्षे चालले, म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. ती हॉकी आणि फुटबॉलच्या व्यावसायिक संघांपर्यंत मात्र आली नाही.

दुसरा मार्ग सरकारचा. ओडिशाने २०१८ पासून भारतीय हॉकी संघाचे प्रायोजकत्व घेतले आणि राउरकेलाला सुमारे २० हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधले. परिणामी नव्या लीगचे सामनेही तिकडेच गेले. पुन्हा सुरू झालेल्या पहिल्या हंगामात सामने फक्त राउरकेला आणि रांची इथे झाले. म्हणजे उद्या मुंबईचा संघ लीगमध्ये आला, तरी तो चर्चगेटला खेळेलच असे नाही. चेन्नई आणि हैदराबादच्या प्रेक्षकांनी आपले संघ टीव्हीवरच पाहिले. त्यामुळे नुसता संघ मागून भागणार नाही. घरच्या मैदानावर निम्मे सामने, ही अट मागायला हवी.

खडकीकर

सरकारी मार्गाविषयी मी साशंक आहे. सरकार बदलले की प्राधान्य बदलते. सभासदांची कल्पना चांगली आहे, पण परदेशी प्रशिक्षक आणि सहा परदेशी खेळाडू वर्गणीतून परवडणार नाहीत. ते नसले तरी चालतील, असे आपण प्रेक्षक म्हणून मनापासून म्हणू शकतो का? मोठी नावे नाहीत, सामना दूरदर्शनवर नाही, तरी दर पंधरवड्याला तिकीट काढून मैदानावर जाणारे आपल्यात किती जण आहेत?

बालेवाडीचा प्रेक्षक

खडकीकर यांचा प्रश्न मला थेट लागला, कारण २०१५ मध्ये पुणे एफसीच्या काही सामन्यांना मी गेलो नाही आणि त्याच काळात एफसी पुणे सिटीच्या सामन्याला परदेशी खेळाडू पाहायला गेलो. जुना संघ रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळत होता, आणि त्यांतली एक खुर्ची माझी होती. म्हणून मूळ लेखातला निकष मी बदलतो. कुमार फळी आणि मैदान ही संघाची जबाबदारी आहेच, वेळेवर पगार ही खडकीकर म्हणतात तशी त्याहून आधीची जबाबदारी आहे, पण संघ आपला होण्यासाठी तो हरत असताना, चौथ्या-पाचव्या क्रमांकावर रेंगाळत असताना आपण तिथे असणे लागते. मुंबई सिटीबाबत अंधेरीकरांनी ते केले, हे मान्य करायला हवे. मालक आले आणि गेले तरी गॅलरी तीच राहिली. मुंबई सिटी कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर मी त्या गॅलरीत शोधायला हवे होते, भागधारकांच्या यादीत नव्हे.

हॉकीबाबत चर्चगेट यांची अट मला पटते. घरच्या मैदानावर निम्मे सामने आणि संघात राज्यातल्या खेळाडूंसाठी ठराविक जागा, या दोन मागण्या घेऊन आपण राज्य संघटनेकडे लेखी निवेदन देऊ शकतो. मसुदा मी या आठवड्यात इथे टाकतो, सर्वांनी दुरुस्त्या सुचवाव्यात. तोपर्यंत मुंबईतल्या स्थानिक हॉकी लीगच्या आणि पुण्यातल्या जिल्हा फुटबॉल लीगच्या सामन्यांना जाणे, इतके तरी आपल्या हातात आहे.

रंकाळा

निवेदनावर सही करीन. पण धागाकर्त्यांनी एकदा हंगामात शाहू स्टेडियमवरही यावे. फक्त आधीच सांगून ठेवतो, तिथे शेजारी बसणारा माणूस नाव किंवा गाव विचारणार नाही. तो पहिला प्रश्न विचारील, "कुठल्या तालमीचे?", आणि "मी नुसता सामना बघायला आलोय" हे उत्तर तिथे चालत नाही.